ओढ्यापलीकडचा दगड

माझ्या बाकीच्या गोष्टी खोट्या धरा, पण ही एक मी फुगवलेली नाही.

दर मे महिन्यात आमच्या विदरकोट पॅरिशची, म्हणजे चर्चच्या गावहद्दीची, शीव चालायची आणि शिवेच्या प्रत्येक दगडावर विलो झाडाच्या काठीने ठोका द्यायचा, ही जुनी रीत. एक दगड चुकला, तर तिथली जमीन शेजारचे ऑल्डर्बीवाले आपली म्हणतात. पूर्वी अख्खं गाव गात निघायचं. यंदा निघालो दोघंच, मी आणि माझी म्हातारी, हेस्टर.

शेवटचा दगड ओढ्यापलीकडे, आणि ओढा फुगलेला.

"गेली आपली शीव," मी म्हणालो.

"रड आता, म्हाताऱ्या. नाहीतर तुझ्या थापांचा पूल बांध."

तेवढ्यात पलीकडे ठोका पडला. भर दुपार होती आणि तिथे कुणीच नव्हतं.

"हा सिलासचा," हेस्टर हसली. "मेला, तरी हात जडच."

मग दोन हलके ठोके. "ही ड्युलसी. हिचं एकावर कधी भागलंच नाही."

ठोके पडत राहिले आणि ती गेलेल्यांची नावं घेत राहिली. माझे डोळे भरून आले.

मग एक ठोका जरा रेंगाळत आला.

"हा कुणाचा गं?"

तिने माझा हात घट्ट धरला.

"माझा. पुढच्या मे महिन्यातला."