घुंगरू

बॉनेट उघडलं आणि चकाचकचा ब्रश हातातच राहिला. इंजिनाच्या पट्ट्याला मूठभर राखाडी केस गुंडाळले होते. बाजूच्या खाचेत काहीतरी वाळून काळं पडलं होतं.

चकाचक हा त्याचा आवडता शब्द, आणि आता तेच त्याचं नाव झालं होतं. गाडी बाहेरून तर कुणीही पुसतं. पण बॉनेट उघडून, दात घासावेत तसं बारीक ब्रशने इंजिन घासावं ते यानेच. इतक्या वर्षांत त्याने आत उंदरांची बिळं पाहिली होती, एकदा कुणाचा तरी चष्माही सापडला होता. असं मात्र कधी पाहिलं नव्हतं.

"बघत काय बसलास?" वकीलसाहेब मागे येऊन उभे राहिले होते. "माहितीये मला. सकाळच्या घाईत चालू केली, आवाज आला, तोवर झालं होतं. चार दिवस वास मारतोय. सगळं काढून टाक." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "आणि तिच्यासमोर तोंड उघडायचं नाही."

ती म्हणजे त्यांची मुलगी. सात-आठ वर्षांची असेल. दप्तर मांडीवर घेऊन बाकावर बसली होती.

चकाचकच्या या गाड्या धुण्याच्या जागेचा खटला वकीलसाहेबच लढत होते. निकाल पुढच्या आठवड्यात होता. त्याने मान हलवली.

बॅटरीवर आणि फ्यूजच्या डब्यावर त्याने प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. केस चिमट्याने ओढून काढले. गाडीखाली शिरून इंजिनाचं खालचं झाकण सोडवलं, तर त्यातून लाल गळपट्ट्याचा तुकडा पडला. त्याला एक घुंगरू होतं. तो बाहेर येतो तर मुलगी समोर उभी. त्याने तुकडा घाईघाईने फडक्यात गुंडाळून खिशात कोंबला.

"काका, तुम्ही सगळ्यांच्या गाड्या उघडता ना? आमची मांजर, राखुंडी, दिसली का कुणाच्या गाडीत? तिला ऊब लागते. म्हणून मी रोज बॉनेटवर तीन थापा मारते. ती बाहेर पळते, मग बाबा गाडी चालू करतात."

"रोज मारतेस?"

"सोमवारी मला ताप होता. पण मी अंथरुणातून विचारलं, बाबा, थापा मारल्या? ते हो म्हणाले." ती बोटाने दप्तराचा बंद गुंडाळू लागली. "राखुंडी खिडकीतून गेली. खिडकी मी उघडी ठेवली होती, असं बाबा म्हणाले. आजी माझ्याशी बोलत नाही आता. राखुंडी तिच्याच पांघरुणात झोपायची."

चकाचकच्या अगदी ओठावर आलं होतं. वकीलसाहेब फोनवर बोलत होते, पण डोळे इकडेच होते.

"नाही गं बाळा," तो म्हणाला. "नाही दिसली."

त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेपायी त्याने ते इंजिन असं घासलं, जसं जन्मात कुठलं घासलं नव्हतं. फेस मारला, कानाकोपरा खरवडला, हवेने थेंबन्थेंब उडवला, काळ्या नळ्यांना पॉलिश लावलं. बॉनेट बंद केलं.

"वा! शोरूममधून आणल्यासारखी," वकीलसाहेब म्हणाले. "तो ओघळ तेवढा पूस."

बॉनेटवर पाण्याचा एक ओघळ राहिला होता. चकाचकने सवयीने खिशातलं फडकं ओढलं. खिशात छुन्न वाजलं.

मुलगी ताडकन उठली. दप्तर खाली पडलं.

"राखुंडी! बाबा, आत आहे!" ती धावत आली, बॉनेटवर तीन थापा मारल्या आणि कान लावला. तिचं सगळं तोंड हसत होतं. "मी ऐकलं! उघडा ना, उघडा लवकर!"

वकीलसाहेबांनी चकाचककडे पाहिलं, मग त्याच्या खिशाकडे. मग त्यांनी स्वतःच्या हाताने बॉनेट उघडलं आणि मुलीला काखेत धरून वर उचललं.

"बघ. नीट बघ."

आत सगळं लखलखत होतं. केसाचं टोकसुद्धा कुठे नव्हतं. तिने इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, खाली वाकून पाहिलं.

"आहे?"

"नाही."

"मग? खिडकी कुणी उघडी ठेवली होती?"

तिचे ओठ नुसते हलले.

"मोठ्याने सांग. काकांना ऐकू दे."

"मी."

चकाचकने खिशावर मूठ गच्च दाबून धरली होती. ते पुन्हा वाजू नये म्हणून तो श्वाससुद्धा हळू घेत होता.