जयपूरचा नंबर

जाऊबाईंच्या हळदीकुंकवासाठी मातीचे झुमके मीच घडवले, मीच रंगवले. चार ऑर्डरी मिळतील या आशेवर चाळीस जोड्या फुकट दिल्या.

"अय्या, किती सुबक! वाणाला कुठून आणलेत?" खानविलकरकाकूंनी विचारलं.

"जयपूरहून मागवलेत," जाऊबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. घरात केलेलं वाण हलकं दिसतं ना!

"तरीच! आपल्याकडच्या बायकांना कुठली जमायला ही सफाई? लेकीच्या डोहाळजेवणाला मला साठ जोड्या हव्यात. नंबर द्या की."

जाऊबाईंना घाम फुटला. "माझ्याकडे आहे," म्हणत मी माझाच नंबर सांगितला.

सकाळी काकूंचा फोन आला. "हॅलो, वो मातीका झुमका आपहीच बनाता है ना?"

मी घाईघाईने पोरीच्या तोंडात बिस्कीट कोंबलं. मध्येच 'आई' म्हणाली असती.

"हां जी," मी म्हणाले, "मैं ही बनाती हूँ."