थोडं थोडं तोडायचं

कापशीला दोन्ही हातांनी अलगद उचलून शैलाबाईंनी शेजारच्या पिंजऱ्यात ठेवलं आणि दाराला कडी घातली. आजवर तिला पिल्लांपासून आधी दुपारपुरतं, मग दिवसभर, मग रात्रीही बाजूला ठेवून झालं होतं. आज मात्र कायमचंच.

मोशीच्या त्या फ्लॅटच्या बाल्कनीत ससे आणायची हौस मुलाची, क्षितिजची, आणि लेंड्या उचलायच्या आईनं! पण शैलाबाईंनी कधी कुरकुर केली नाही. शेळ्या-गाईंत जन्म गेलेला, हे एवढंसं जनावर काय जड? कापशी दिवसभर पिल्लांकडे फिरकत नाही म्हणून घर घाबरलं, तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "पाजती ती. आपून बगत नसताना पाजती. पोटं बगा की पिल्लांची, कशी टम्म हायेत!"

आता त्या चार दिवस बहिणीकडे कासारवाडीला निघाल्या होत्या, म्हणून सुनेला, सुखदाला, सगळं समजावून सांगत होत्या.

"पिल्लांना जागेवरनं हलवायचं न्हाई. हलवायचं आईला. घर त्येंचं त्येंना ऱ्हाऊ द्यायचं, म्हंजी बुजत न्हाईत. आन् हिचा खुराक कमी कर, दूध आपसूक आटतंय. एकदम तोडलं की गाठी येत्यात, जीव जातो बिचारीचा. थोडं थोडं तोडायचं."

"माहितीय," सुखदा म्हणाली. "मी पुन्हा कंपनीत जायला लागले, तेव्हा दीक्षाला तुम्ही असंच तोडलं होतंत."

"व्हय की! कसं अलगद तोडलं पोरीला. तुला कळलं बी न्हाई."

"मला कळलं होतं," सुखदा हातातल्या कपाकडे बघत म्हणाली.

शैलाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या पुन्हा कडी काढून कापशीच्या पोटावरून बोटं फिरवत होत्या. कुठे कडक लागत नव्हतं. छान!

दीक्षा म्हणजे शैलाबाईंचा जीव की प्राण. क्षितिज आईला "आई" म्हणतो म्हणून ही चार वर्षांची भवानीही आजीला "आई"च म्हणायची आणि आईला चक्क "सुखदा". सगळी सोसायटी हसायची. शैलाबाईही हसायच्या, "अगं, असं म्हनू नये" असं म्हणायच्या, आणि मनातून फुलून यायच्या. पोरगी जेवायची त्यांच्या हातून, झोपायची त्यांच्या कुशीत. पहिल्यांदा त्या कासारवाडीला गेल्या, तेव्हा फरशीवर लोळून तिनं असा काही आकांत मांडला की शैलाबाईंना रात्र काढणं नको झालं. पुढच्या खेपेला जरा कमी रडली. त्याच्या पुढच्या खेपेला नुसती मुसमुसली.

जायचा आग्रह दर वेळी क्षितिजचाच. "जा की मावशीकडे, तेवढाच बदल." शैलाबाईंना कोण कौतुक! खाली बाकावर बसणाऱ्या बायकांना त्या सांगायच्या, "माजा ल्योक मला फार जपतो बगा."

"आई, चल, गाडी काढलीय." क्षितिज आतून बॅग घेऊन आला. नेहमीची कापडी पिशवी नव्हती ती, माळ्यावरची मोठी बॅग होती.

"येवढी कशाला रं? चार दिसांत तर येनार."

"असू दे. लागतं काहीबाही."

बॅगेची चेन पुरती लागली नव्हती. शैलाबाईंनी वाकून ती पुरती उघडली. वर त्यांची गोधडी होती. भर मे महिन्यात. गोधडीखाली टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी टणक होतं. त्यांनी टॉवेल उलगडला. क्षितिजच्या वडलांचा फोटो. कालपर्यंत त्यांच्या खाटेच्या वरच्या भिंतीला होता तो.

शैलाबाईंनी मुलाकडे पाहिलं. तो गाडीच्या किल्लीशी चाळा करत होता.

"क्षितिज, मी परत कवा यायचं?"

"आई, तसं काही नाही गं... मावशीलाही सोबत होईल... आपण बघू ना."

पोटच्या पोरानं केसानं गळा कापला. तोही कसा, तर लाडीगोडीनं, बदल बदल करत! बायकांपुढे केलेलं कौतुक आठवून शैलाबाईंचे कान तापले.

"पोरगी रडंल," त्या कशाबशा म्हणाल्या. "आजारी पडंल माज्याबिगर."

"नाही पडणार, आई," सुखदा हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्याचंच शैलाबाईंना जास्त लागलं. "बघा, आज रडतसुद्धा नाहीये. तुमचीच पद्धत. एकदम नाही तोडलं."

दीक्षा हॉलमध्ये बसून आपल्या हातानं पोहे खात होती. निम्मे फरशीवर सांडले होते, पण खात होती.

शैलाबाईंनी फोटो पुन्हा टॉवेलात गुंडाळला. बॅगेची चेन स्वतःच लावली. क्षितिज हात पुढे करायला लागला, तर त्याला हात लावू दिला नाही. चपला पायांत सरकवताना एक चप्पल उलटीच पडली, ती पायानंच सरळ केली.

"टाटा, आजी!" दीक्षा आतून ओरडली.

आजी! कुणीतरी बसून शिकवलं असणार. सुखदानं मान फिरवली.

शैलाबाई उंबऱ्यात थांबल्या. वाटलं होतं धावत जावं, पोरीला छातीशी धरावं, मग बघू कोण कुणाला तोडतंय ते. पण त्या बाल्कनीकडे बघत राहिल्या. एका पिंजऱ्यात पिल्लं लसूणघासात तोंड खुपसून बसली होती. दुसऱ्यात कापशी जाळीला अंग लावून होती.

"तिला परत त्येंच्यात सोडू नगंस," त्या सुनेला म्हणाल्या. "पिल्लं इसरली. हिला वेळ लागंल."