पूर्ण डोस

बहिणीच्या पेशी चढवण्याआधी सिद्धेशच्या हाडातला आजारी मगज औषधानं जाळून टाकायचा होता. डॉक्टरांनी विचारलं, डोस पूर्ण द्यायचा की हलका?

"हलकाच द्या," शेवंती म्हणाली.

"आई, मी काय म्हातारा आहे? अर्धवट जाळलं तर परत उगवेल ना," म्हणत लेकानं पूर्ण डोस घेतला. केस गेले, तोंड आतून सोलून निघालं.

एरवी प्रत्येक ताटाला नावं ठेवणारा सिद्धेश आता आईनं जोगेश्वरीच्या घरून हॉस्पिटलात आणलेली पेज दोन चमचे गिळायचा आणि म्हणायचा, "झकास झालीय." एकदा उरलेली पेज शेवंतीनं घरी येऊन चाखली, तर ती मीठ घालायलाच विसरली होती. पोराच्या तोंडाची चवच गेली होती. त्यानंतर ती मुद्दाम रोज अळणीच पेज नेत राहिली.

नव्या पेशी रुजल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तरी तिचा जीव थाऱ्यावर येईना. मग एका दुपारी सिद्धेशनं तोंड वाकडं केलं.

"काय गं आई, मीठ घालायला विसरलीस?"

"विसरले रे," ती म्हणाली, आणि इतके दिवस पिशवीतून रोज बरोबर आणलेली मिठाची पुडी तिनं बाहेर काढली.