डिस्प्ले येईना

तू आधी नुसतं ऐक. मधी बोलायचं न्हाय.

माकणीतला विरेश फरशीवर मांडी घालून बसलेला. पुढं कॉम्प्युटरचा डबा, बाजूचं झाकण काढलेलं, आतले पंखे गरागरा फिरायलेत, लाईट लागायलीय, सगळं बराबर. पण स्क्रीन? काळीठिक्कर. सकाळी ग्राफिक कार्ड बसवलं आन् तवापासनं डिस्प्लेच येईना. सात येळा बंद करून चालू केलं. न्हाय म्हंजे न्हाय. आन् सहाच्या आत पुण्याच्या कंपनीला घराचं थ्रीडी चित्र करून पाठवायचं व्हतं, नोकरीची टेस्ट. बिनकार्डाच्या मशीनवर ते चित्र पुढंच सरकंना, म्हणून तर कार्डाचा सगळा खटाटोप.

दारात त्याची आई उभी, इरम्मा. तो तिला अव्वा म्हणतो. ती हळूच म्हणली, "म्या म्हणलं व्हतं ना रे, माझा हात नको म्हणून."

आता हे काय, तर नवी वस्तू घरात आली की आपण हळद-कुंकू लावतो का न्हाय? पण विरेशचा बाप गेल्यापासनं अव्वाला कुणी हळदीजवळ येऊ दिलं न्हवतं. पुतणीच्या लग्नात तर सरळ मागच्या खोलीत बसवलं. विरेशला ते लई सलायचं. म्हणून सकाळी त्यानं कार्ड तिच्याच हातात दिलं, पूजा तूच करायची म्हणला, आन् गेला शेजारी स्क्रूड्रायव्हर मागायला.

 ते ऐकून त्याच्या तोंडातनं निघूनच गेलं, "तुझ्या हाताचा काय संबंध गं अव्वा? कार्डच जळकं हाय. रणधीरनं गंडवलं मला."

रणधीर म्हंजे त्याचा शाळेपासनंचा दोस्त. लोहाऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. बिचाऱ्यानं स्वतःच्या मशीनमधलं कार्ड उपसून दिलेलं, वापर म्हणून. फोन केल्याबरोबर गाडी काढून आला. मॉनिटरची वायर बघितली, कार्डाची पॉवरची पिन बघितली, रॅम काढून खोडरबरनं घासून परत बसवली. वायर मदरबोर्डला लावली की चित्र यायचं, कार्डाला लावली की परत अंधार.

"थांब, कार्ड भाईर काढून बघतो," म्हणत तो वाकला.

विरेशनं त्याचं मनगट धरलं. "हात लावू नको. आता काढशील आन् म्हणशील, तूच मोडलंस."

"येड लागलं का बे? काल संध्याकाळपर्यंत माझ्याकडं चालत व्हतं."

"एवढं चालत व्हतं, तर मला दिलंस कशाला?"

शेजारची रुद्रम्मा भिंतीवरनं डोकावायली. दारात चार-पाच माणसं जमलेली. रणधीरनं कुणाकडंच बघितलं न्हाय. हत्यारं पिशवीत भरली, अव्वाच्या पाया पडला, नेहमी पडतो तसाच, आन् गेला.

विरेश थांबला का? कशाचा थांबतोय! गावाच्या ग्रुपवर टाकलं, रणधीरच्या दुकानात कुणी जाऊ नका, जळका माल गळ्यात मारतो.

मग कार्ड त्याच्या तोंडावर फेकून यावं म्हणून ओढून काढलं. खिडकीत उजेडाला धरलं. खाली ती सोनेरी पट्टी असती ना, मदरबोर्डच्या खाचेत बसती ती, तिच्यावर बोटभर जागा जरा जाड दिसली. खरवडली. नखात पिवळं आलं.

हळद, बाबा. कालवलेल्या हळदीचं बोट, वाळून घट्ट चिकटलेलं. सोनेरीवर पिवळं, दिसणार कसं? कार्डाच्या वरच्या पंख्यावर कुंकवाचं बोट व्हतं, ते तर त्यानं बसवायच्या आधीच पुसलं व्हतं. अव्वाला वाटलं असंल, एवढी सोन्यासारखी जागा, हळद लावावी तर हितंच.

त्यानं पट्टी घासली, कापसानं पुसली, खाच फुंकली. कार्ड बसवलं, बटण दाबलं. आन् लख्ख चित्र आलं, सहाला अजून येळ बी व्हता. कुणाला बी आनंद झाला असता. ह्यानं हातातला कापूस टाकून आधी फोन घेतला.

ग्रुप उघडला तर छत्तीस जणांनी वाचलेलं. पोस्ट उडवली, पण वाचलेलं कसं उडवायचं? गावातल्या बसवराजमामांनी तर खाली लिहून बी टाकलं व्हतं, बरं झालं सांगितलंस.

फोन वाजला. रणधीर.

"विरेश, भांडायला न्हाय केला. दोघांचे फोन आले, दुरुस्तीला ठेवलेली मशीनं परत दे म्हणायलेत. पोस्ट उडवलीस, म्हंजे काय तरी सापडलंय तुला. तू एवढंच कर, कार्डात नेमकं काय निघालं ते ग्रुपवर लिही. खरं काय ते. दुसरं काय बी नको मला."

विरेश काय बोलणार, तेवढ्यात अव्वा आत आली. स्क्रीनकडं बघितली. चित्र आलेलं दिसलं. मग जवळ येऊन त्याच्या खांद्याला धरली आन् एकदम बारीक आवाजात म्हणली, "म्हंजे माझ्या हातानं काय झालं न्हवतं ना? रणधीरचंच चुकलेलं ना?"

फोन कानाला तसाच. पलीकडं रणधीर सगळं ऐकायलेला.

आता बोल. तू असतास तर काय केलं असतंस?