फणसाचा बांध

सात पानं. काल अकरा होती.

भगवंत फणसाच्या रोपापुढं उकिडवा बसला होता. बुंध्याशी वीतभर पाणी, भोवती मातीचा गोल बांध. खेकड्यालाही बीळ पाडता येऊ नये असा. उभ्या पालेगावात त्याच्यासारखा बांध कोणी घालत नसे. शेतं बिल्डिंगांखाली गेली, हात तसेच राहिले.

"काका, हे भात नाही," नेत्रा म्हणाली. ती नर्सरीत कामाला होती. भगवंतच्या बायकोनं, तुळशीनंच तिला बोलावून आणलं होतं. "फणसाची मुळं पाण्यात सडतात. आणि माती एवढी टाइट कशी झाली?"

"चिखलनी केली," भगवंत म्हणाला. "पायानं. दोन दिस."

नेत्रानं बोटानं माती दाबून पाहिली.

"काढून उंचावर लावू?" त्यानं विचारलं.

"जागा बदलली तर नाही जगणार. आधी बांध फोडा. आजच. पाणी गेलं की बाजूनं चर मारू."

भगवंतनं फावडं उचललं. तशी तुळशी येऊन बांधावरच बसली.

"उठ गो."

"नाय."

करिष्माची रक्षा याच खड्ड्यात होती. दोन महिने झाले. नदीत सोडायची नाही, हा हट्ट तुळशीचा. नदी घेऊन जाते. लेकीला फणस आवडायचा, तर दारातच फणस होऊन राहील.

"पानी जाईल, तुलशे. ती नाय जानार."

"कशावरून?"



तिच्या बाजूची जागा सोडून त्यानं घाव घातला. बांध हलला नाही. स्वतःच्याच हातचा. दुसरा घाव. तिसऱ्याला माती सुटली आणि राखाडी पाणी रस्त्याकडच्या गटाराच्या दिशेनं निघालं.

भगवंतची टाच, कोणी न सांगता, त्या फटीत जाऊन बसली. फुटलेला बांध दिसला की ती तशीच बसत आली होती, चाळीस पावसाळे.

पाणी थांबलं.

"काका," नेत्रा म्हणाली.

त्याला पाय उचलता येईना.

पाण्यावर एक पान पडलं. पिवळं.

सहा.

तुळशी त्या पानाकडं बघत राहिली. मग चिखलात गुडघे टेकून पुढं सरकली.

"पाय काढा," ती म्हणाली.

तो हलला नाही. तिनं दोन्ही हातांनी त्याचा पाय उचलून बाजूला ठेवला, आणि पाणी सुटायच्या आत फटीत आपला पदर गाळणीसारखा धरला.