खुंटीवरची रोटी

बुखाऱ्यातल्या एका जुन्या मातीच्या घराची डागडुजी करून त्याच्याभोवती कच्च्या विटांची, छतावर सौरपट्ट्या लावलेली स्वस्तातली घरं उभी राहिली. सोडतीत मोहिराला जुन्या घरातलीच खोली लागली.

“इथे खुंटीला एक घास खाऊन टांगलेली रोटी सापडली बघा, खाला,” किल्ली देताना गवंडी झोकिर म्हणाला. “पार दगड झालेली. टाकली तर पाप, म्हणून भिजवून चिमण्यांना घातली.”

मोहिराचा चेहरा उतरला. “अरे, घर सोडून निघालेल्या कुणा लेकराची ती! परत आल्यावर उरलेली त्यानेच खायची असते. आता तो आला तर काय खाईल?”

“शंभर वर्षांनी कोण येतंय, खाला!” झोकिर खो खो हसला.

महिन्याभराने मोहिराचा मुलगा जसुर कामासाठी रशियाला निघाला. त्याने ताज्या रोटीचा एक घास खाल्ला, आणि उरलेली तिने त्याच खुंटीला टांगली. भिंतीत दुसरी खुंटीच नव्हती.

सकाळी ती उठली, तेव्हा दाराची कडी आतून लावलेलीच होती, पण खुंटी रिकामी होती.

आणि उंबऱ्याच्या आत कुणीतरी धुळीने माखलेले जुनाट बूट नीट काढून ठेवले होते.